डाव्या स्पीकरमधले सासरे

ट्रेलर घ्यावा की नाही, यावर आमच्या घरात एका संध्याकाळी चर्चा झाली आणि चहा निवायच्या आत निर्णयही झाला. त्या ट्रेलरमध्ये स्टिरिओ बसवावा की नाही, आणि बसवायचाच तर नेमका कुठे, या प्रश्नाने मात्र आमचा सबंध उन्हाळा गिळला. आणि ज्याचा पेशाच मुळी कोणती गोष्ट कुठे असावी हे ठरवण्याचा आहे, अशा माणसाची, म्हणजे माझी, उरलीसुरली प्रतिष्ठाही.

मी नगररचना खात्यात आरेखक आहे. या शहरातले कित्येक रस्ते, दोन बागा आणि एक पादचारी पूल प्रथम माझ्या कागदावर उमटले आणि मग जमिनीवर. (पुलाचा एक जिना एका दुकानाच्या भिंतीत जाऊन संपतो, पण ते दुकान नंतर झाले.) त्यामुळे गाडीमागे जोडून ओढत न्यायच्या, चाकांवरच्या एका इवल्याशा खोलीत एक खोका आणि दोन स्पीकर बसवणे हे काम मी हसत स्वीकारले. जाहिरातीत त्या खोलीचे वर्णन ‘चौघांसाठी प्रशस्त’ असे होते. ते चौघे कोणत्या आकाराचे, याचा खुलासा नव्हता. आत दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जायचे झाले, तर एकाला बाकावर चढावे लागे.

स्टिरिओची अट माझ्या सासऱ्यांची. अण्णा सगळी हयात वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवत आले. ट्रॉम्बोन म्हणजे ते सरकत्या नळीचे पितळी वाद्य, ज्याच्या वादकापुढे, नळी डोक्यात बसेल म्हणून, कोणी खुर्ची मांडत नाही. सासूबाई गेल्यापासून अण्णांनी स्वतःच्या घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. चार वाजता आरामखुर्ची, समोर दोन स्पीकर, आणि त्यांच्या वाद्यवृंदाची कॅसेट. माझ्या बायकोने किती विनवण्या केल्या, नातीने रुसून पाहिले, उत्तर ठरलेले: “जिथे माझं ऐकणं नाही, तिथे माझं काय काम?” खरे तर आम्ही ट्रेलर घेतला तो याच एका गोष्टीसाठी. हॉटेल नको, परके घर नको, तर आपण त्यांचीच खोली चाकांवर घालून नेऊ, असा माझ्या बायकोचा हिशेब होता. तिला समुद्र नको होता, डोंगर नको होता. तिला तिचे वडील त्या खुर्चीतून उठलेले पाहायचे होते.

“फोनवर लावू ना गाणी,” आमची लेक म्हणाली. “छोटा स्पीकर आहे माझ्याकडे. खिशात मावतो.”

अण्णांनी तो स्पीकर तळहातावर घेतला आणि एखादा आजारी चिमणा पाहावा तसा पाहिला. “पोरी, रेकॉर्डिंगला मी डावीकडे बसलो होतो. डाव्या स्पीकरमधून येतो मी. उजवीकडून व्हायोलिनं येतात. या डबीत सगळे एकत्र. मी काय व्हायोलिनवाल्यांच्या मांडीवर बसून वाजवत होतो?”

म्हणजे डावा हवा, उजवा हवा, आणि दोघांत अंतर हवे. शिवाय यंत्र म्हणून त्यांच्या जुन्या, आता विकलेल्या गाडीतला कॅसेटचा स्टिरिओच हवा. तो त्यांनी गाडी विकतानाही उचकटून ठेवून घेतला होता. मी कचेरीतल्या उत्तम कागदावर ट्रेलरचा प्रमाणबद्ध आराखडा काढला. बाक, टेबल, शेगडीचा ओटा, आणि मध्ये एका कडेला कमोडची कपाटाएवढी खोली. यंत्र टेबलाखाली. स्पीकर दोन टोकांना. कागदावर ते सर्व इतके सुबक दिसत होते, की मी तो आराखडा कचेरीत दोघातिघांना सहज म्हणून दाखवला.

कागद सुबक होता, फक्त तो दिवसाचा होता. रात्री टेबल खाली सरकून दोन्ही बाकांमध्ये बसते आणि त्याचाच पलंग होतो, ही बाब आरेखकाच्या नजरेतून निसटली होती. पहिल्यांदा टेबल खाली आणले तेव्हा ते यंत्राच्या खोक्यावर जाऊन टेकले आणि पलंगाला घसरगुंडीचा आकार आला.

“रस्तेसुद्धा असेच काढता का हो?” बायकोने त्यावर आडवे होत, हळूहळू पायाकडे सरकत विचारले.

मी यंत्र वरच्या कपाटात हलवले. कपाटाचे दार लागेना. दार काढले, तर ताटल्या अंगावर येऊ लागल्या. ताटल्या कमोडच्या खोलीत ठेवाव्यात, ही सूचना मी केली आणि लगेच मागे घेतली.

एव्हाना आमच्या इमारतीत ही गोष्ट सर्वांची झाली होती. वरच्या मजल्यावरच्या काकू रोज गॅलरीतून विचारत, “झालं का ओ तुमचं?” आणि उत्तराची वाट न पाहता सल्ला देत. त्यांच्या मते स्टिरिओ टपावर बसवायला हवा होता. पाऊस आला तर? तर छत्री. आपल्या थोरल्या भावाने बोटीत असाच बसवला होता, असे त्या सांगत. बोटीचे पुढे काय झाले ते मात्र सांगायचे टाळत.

खरा मदतीचा हात पुढे केला तो शेजारच्या दंतवैद्यांनी. हा गृहस्थ मनाने अत्यंत उमदा. दवाखाना सुटल्यावर कपाळाला दिवा बांधूनच तो आमच्या अंगणात आला.

“अहो, त्यात काय आहे? छोटं भोक, बारीक वायर, अरुंद जागा. मी दिवसभर दुसरं करतो काय?”

“पण तुमचे पेशंट बसलेले असतात,” मी म्हणालो.

“हो, आणि ते किंचाळतात. हा ट्रेलर तर गप्प उभा आहे.”

त्यांनी आपले हत्यार लावून एका टोकाच्या भिंतीत इतके सफाईदार भोक पाडले, की त्यातून आम्हाला वरच्या गॅलरीतल्या काकू स्वच्छ दिसल्या. भिंत दुहेरी असेल अशी त्यांची कल्पना होती. काकूंनीही आम्हाला पाहिले आणि हात हलवला. दंतवैद्यांनी शांतपणे दवाखान्यातून मसाला आणून ते भोक बुजवले, वरून घासून गुळगुळीत केले आणि सवयीने बायकोला म्हणाले, “दोन तास काही लावू नका त्या बाजूला.”

यंत्राला अखेर शेगडीच्या ओट्याखाली जागा सापडली. स्पीकर दोन टोकांना छताशी चढले. राहिली वीज. ट्रेलरला स्वतःची बॅटरी नव्हती. मागचे दिवे लागावेत म्हणून गाडीतून एक जाड केबल त्यात येई, तेवढाच काय तो विजेशी संबंध. आधीच्या मालकाने हौसेने आतले सगळे रंगवताना त्या केबलमधल्या तारांनाही पांढरा रंग फासला होता. कोणती तार कशाची, हे आता परमेश्वर आणि तो रंगारी यांनाच ठाऊक.

“सोपं आहे,” दंतवैद्य म्हणाले. “गाडी जोडा. तुम्ही आत बसा. जिच्यात जीव आहे ती तार मी शोधतो.”

इथे एक तपशील सांगायला हवा. आमचे अंगण उताराचे आहे आणि माझ्या गाडीचा हातब्रेक नावापुरता. म्हणून मी गाडीत बसलो आणि जबाबदार माणसाने करावे तसे पायाचा ब्रेक घट्ट दाबून बसलो. दंतवैद्यांनी एकेक तार तपासली. एकीत जीव सापडला. ती त्यांनी यंत्राला जोडली, आणि आमच्या अंगणात एकदम वाद्यवृंद उभा राहिला. काकूंनी वरून टाळ्या वाजवल्या. लेकीनेही, म्हणजे पहा.

दुसऱ्याच दिवशी अण्णांना परीक्षेसाठी आणले. मी पुन्हा गाडीत, पुन्हा ब्रेकवर. अण्णा ट्रेलरमध्ये चढले, डावीकडच्या बाकावर बसले. “इथे मी माझ्याच कानात ओरडतोय.” उजवीकडे बसले. “इथे मी नाहीच.” मग हात पुढे करून, डोळे मिटून, अंधारात दिव्याचे बटण चाचपडावे तसे ते पावलापावलाने सरकत गेले. दोन्ही स्पीकर जिथे नेमके सारखे ऐकू येतात ती एकुलती एक जागा त्यांना सापडली. ती कमोडच्या खोलीत होती.

अण्णांनी झाकण खाली केले, रुमालाने पुसले, दार सताड उघडे ठेवले आणि बसले. त्यांची पाठ ताठ झाली. थोड्या वेळाने उजवा हात आपोआप पुढेमागे सरकू लागला, जणू त्यात ती नळी होती.

“इथे,” ते म्हणाले. मग बाहेर येऊन माझ्या बायकोला म्हणाले, “येतो. पण एकच रात्र हं. दुसऱ्या दिवशी मला परतीच्या बसमध्ये बसवून द्यायचं. अट म्हणजे अट.”

बायकोने मान हलवली आणि भांडी आवरायच्या निमित्ताने पाठ फिरवली. एक रात्र तर एक रात्र. लेकीने चाकाखाली दगड सारला आणि मी गाडी बंद करून उतरलो, त्याच क्षणी संगीतही थांबले. दंतवैद्यांनी बंद केले असेल, असे मी समजलो आणि मी बंद केले असेल, असे ते. दोन सुशिक्षित माणसे एकमेकांवर किती विश्वास टाकतात, याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

उघडकीला आले ते वाहन तपासणी केंद्रात. ट्रेलरमध्ये काहीही कायमचे बसवले की तपासणी करून घ्यावी लागते. निघण्याच्या आदल्या दिवशीची वेळ मिळाली. तपासनीस साहेब हातात पट्टी घेऊन मागे उभे राहिले. मी सुकाणूशी, बायको शेजारी.

“डावा दिवा.” लागला. “उजवा.” लागला. “ब्रेक.”

मी ब्रेक दाबला आणि ट्रेलरमधून पितळी वाद्यांचा लोट उसळला. मी दचकून पाय काढला. शांतता.

साहेब खिडकीशी आले. “काय झालं?”

“कुठे काय?” मी म्हणालो.

“पुन्हा दाबा.”

दाबला. व्हायोलिने, ढोल, सगळे. सोडला. शांतता. त्या शांततेत बायकोने माझ्याकडे असे पाहिले, की पुलाच्या जिन्याची हकिगत तिला आज नव्याने समजली असावी.

“म्हणजे उतारावर तुम्ही सबंध वेळ...” ती म्हणाली.

“होय.”

“आणि डॉक्टरांना जी तार सापडली ती...”

“होय म्हटलं ना.”

साहेब आत जाऊन नियमांचे पुस्तक घेऊन आले. मी समजावू लागलो की तार बदलून आणतो. ते हातानेच थांबवत पाने उलटत राहिले. “ब्रेक दाबल्यावर दिवा लागला पाहिजे. लागतो. इतर दिवे लागता कामा नयेत. लागत नाहीत. वाद्यवृंद लागू नये, असं कुठे लिहिलेलं नाही.” त्यांनी चष्मा काढला. “नियमात नाही ते मी अडवू शकत नाही. पास.” आणि वायरिंगच्या पेटीवर त्यांनी सरकारी सील ठोकले. “आता यातली एक तारही हलवायची झाली तर पुन्हा तपासणी. पुढच्या तारखा पुढच्या महिन्यातल्या.”

“पण साहेब, आम्हाला ते हलवायचंच आहे!”

“मग पास होण्याआधी सांगायचं.”

“तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

“बोलण्याची जागा अर्जात असते,” ते अतिशय सौम्यपणे म्हणाले आणि मागच्या गाडीला हात केला. जाता जाता थांबून विचारून गेले, “वाजवणारे कोण हो? चांगलं होतं.”

घरी येऊन आम्ही दोघांनी परिस्थितीचा विचार केला. गाडी उभी, कोणी ब्रेकवर नाही, तर संगीत नाही. गाडी चालती, तर ट्रेलरमध्ये बसायला बंदी, म्हणजे ऐकणारा नाही. थोडक्यात, जिथे ऐकायला कोणीही नसेल तिथेच वाजणारा स्टिरिओ आम्ही अपार कष्टाने बसवला होता. रजा उद्यापासून. अण्णांना सांगावे, तर ते खुर्चीतून उठणार नाहीत.

“सांगायचं नाही,” बायको म्हणाली. “एकदा शहराबाहेर पडू, मग बघू.”

“कळेल त्यांना.”

“तुम्ही ब्रेक दाबू नका.”

हे ती गांभीर्याने म्हणाली. म्हणून मीही गांभीर्यानेच बरे म्हटले.

सकाळी अण्णा एका रात्रीची पिशवी घेऊन मागच्या सीटवर नातीशेजारी बसले. मी गाडी अशी चालवली, की पायी चालणाऱ्यांनी आम्हाला मागे टाकावे. पहिला चौक घरंगळत पार केला. दुसऱ्या चौकात सिग्नल लाल झाला. मी देवाचे नाव घेऊन पाय ठेवला, आणि आमच्या पाठीमागे वाद्यवृंद दणाणला. शेजारच्या सायकलवाल्याने टोपी धरली. हिरवा झाला, आम्ही निघालो, सारे चूप.

मी आरशात पाहायचे टाळले.

“काय होतं ते?” अण्णांचा आवाज.

मग लेकीने सगळे सांगून टाकले: उतार, ब्रेक, रंगारी, सील, काही राखले नाही. सांगताना मध्येच हसू लागली, आणि मला वाटले, संपले. आता ‘गाडी वळवा’ ऐकायला येणार.

“म्हणजे,” अण्णा हळूहळू म्हणाले, “ब्रेक लागला की आम्ही वाजतो?”

“होय अण्णा,” मी म्हणालो. “चूक माझी...”

“थांबा. बोलू नका.” त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कान बाहेर काढला. “जिथे थांबलं तिथूनच पुढे जाते ना कॅसेट? मग आता माझी जागा येईल. पुढचा सिग्नल कुठे आहे?”

“पुढे सगळे हिरवे आहेत.”

“हिरवे कसे? हळू चालवा. होईल लाल.”

झाला नाही. “अहो जावईबापू, तो कुत्रा बघा!”

“तो फुटपाथवर आहे, अण्णा.”

“उतरेल! माणसाने सावध असावं!”

मी कुत्र्यासाठी ब्रेक दाबला. ट्रॉम्बोनच्या दोन ओळी रस्त्यावर सांडल्या. कुत्रा बसला. मग मी एका म्हातारीसाठी दाबला, जिला रस्ता ओलांडायचाच नव्हता, एका फळवाल्यासाठी, आणि पुढे उघड उघड कशासाठीच नाही. मागचे लोक भोंगे वाजवत होते, आणि अण्णा खिडकीतून अर्धे बाहेर येऊन त्यांना ओरडून सांगत होते, “डावीकडचा ऐका! डावीकडचा मी आहे!” इतकी वर्षे जो वाद्यवृंदात मागे बसून राहिला होता, तो माणूस आज अख्ख्या रस्त्याला स्वतःकडे वळवत होता. मी शेजारी पाहिले. बायको समोर रस्त्याकडे बघत होती, ओठ दाबून, आणि तिचे गाल ओले होते. पण ती हसत होती, यात शंका नाही, कारण तिचे खांदे हलत होते.

तळ्याकाठच्या मुक्कामाच्या मैदानावर दुपारी पोहोचलो. आजूबाजूला आणखी तंबू, आणखी ट्रेलर. संध्याकाळी अण्णा झाकणावर विराजमान झाले आणि मी गाडीत, ब्रेकवर. मधूनमधून बॅटरीसाठी इंजिन चालू करायचे, पायाला मुंग्या आल्या की दुसरा पाय लावायचा. काचांतून मला ऐकू येत होते ते एवढेच, की कुठेतरी कोणीतरी फर्निचर हलवत आहे. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी लेकीला विचारले, “तुमचे बाबा रागावून गाडीत बसलेत का?”

“नाही,” लेक म्हणाली. “ते आमचं बटण आहेत.”

हे वाक्य ऐकून त्या बाई कुतूहलाने ट्रेलरमध्ये डोकावल्या. मग त्यांचे यजमान डोकावले. बाहेर आले ते मोठ्याने सांगत, की अमुक जागी बसलं तर बाजा एका बाजूने येतो आणि व्हायोलिनं दुसऱ्या बाजूने, अगदी डोक्यात भेटतात! मला पाय हलवता येत नव्हता, त्यामुळे पुढचे काही मला दिसले नाही.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन, ट्रेलरमध्ये न मावल्यामुळे आम्ही शेजारी ठोकलेल्या तंबूवर आले होते. बायको आणि अण्णा दोघेही उठून गेलेले. मला बस आठवली. मी अण्णांची पिशवी उचलली आणि गाडीकडे निघालो. एक रात्र ठरली होती, एक रात्र मिळाली. बायकोला तेवढ्यावर समाधान मानायला कसे सांगावे, याची वाक्ये मी मनात जुळवत होतो.

आमच्या ट्रेलरसमोर रांग होती. टॉवेल खांद्यावर टाकलेली, चहाचे पेले धरलेली, अर्धवट दाढी केलेली माणसे. लेक दारात उभी राहून एकेकाला आत सोडत होती. आणि गाडीत, सुकाणूशी, ताठ पाठीने, पाय ब्रेकवर घट्ट रोवून अण्णा बसले होते.

“अण्णा, तुम्ही आत का नाही?”

“माझं ऐकून झालंय,” ते म्हणाले. त्यांनी डोक्याने ट्रेलरकडे खूण केली. “ती बसलीय आत. बालपणी हिच्या आईनं हिला प्रत्येक कार्यक्रमाला आणलं, पण जागा नेहमी कडेची मिळायची. बरोबर मधोमध बसून हिनं मला कधी ऐकलंच नव्हतं.”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “अण्णा... ती बस...”

“कसली बस? बोलण्यात गुंतवू नका, पाय सुटेल.” मग माझ्याकडे पाहून त्यांना वाटले असावे, की जावई बिचारा स्वतःच्या नंबरासाठी घुटमळतो आहे. त्यांनी रांगेकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “हे बघा, घरचा माणूस म्हणून मध्ये घुसवता येणार नाही. लोकांना काय वाटेल? आजचे नंबर भरलेत. तुम्ही उद्या या.”

“उद्या?” मी जरा मोठ्यानेच विचारले, आतपर्यंत जाईल इतक्या.

“उद्या. आणि उद्याही गर्दी असली, तर परवा.”

आतून, कमोडच्या खोलीतून, बायकोचा आवाज आला. तो नीट बाहेर पडत नव्हता, पण हुकूम स्पष्ट होता.

“अण्णा, ब्रेक सोडू नका! आणि अहो, ती पिशवी आत आणून ठेवा!”